डेमो गाडीचे तास

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे वडील फरशी बसवतात. घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते भिंतीवर पेन्सिलने, फरशीची मापं म्हणून. त्यामुळे अनुभवी माणसांनी लिहावं अशा जागी मी लिहितोय, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या सरांनी सांगितलं की जे विद्यार्थी पार्टटाइम काम करतात त्यांनी कामावरची एक गोष्ट कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहावी. मी म्हणालो, सर, माझ्या कामात गोष्ट नसते. गाडी बघायची आणि रिपोर्ट द्यायचा. सर म्हणाले, मग तेच लिही. म्हणून तेच लिहितोय. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

त्या रविवारी सकाळी मी काशिमिऱ्याच्या एका मोठ्या शोरूमच्या मागच्या यार्डात होतो. एका पांढऱ्या, महागड्या क्रॉसओव्हरखाली टॉर्च घेऊन पडलो होतो. इतक्यात माझ्या कानाजवळ वरून निळ्या नायलॉनच्या दोरीचं टोक आलं आणि जमिनीला टेकलं. दोरीला मध्येच एक गाठ होती. वरून आवाज आला, "बरोबर हाय. गाठीलाच हाय."

मी बाहेर सरकलो. साठीच्या पुढचे एक गृहस्थ गाडीचा पुढचा दरवाजा उघडून उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात चप्पल. दोरीची गाठ त्यांनी सीटच्या कडेला धरली होती. हेच आमचे क्लायंट, उत्तनचे बस्त्याव अंकल. चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून थेट आले होते. मागे रिक्षातून त्यांच्या पत्नी फिलोमिना आंटी उतरत होत्या. उतरत होत्या म्हणजे, आधी एक पाय, मग थांबणं, मग रिक्षावाल्याचा खांदा, मग दुसरा पाय. मी निम्मी गाडी तपासली असती तेवढा वेळ लागला.

आता आमचं काम काय ते सांगतो. सिल्व्हर पार्कजवळ मोकाशी सरांचं छोटं ऑफिस आहे. सर दादरहून इकडे राहायला आले. पूर्वी एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर होते. आता कुणाला वापरलेली गाडी घ्यायची असेल तर ती आम्ही आधी जाऊन तपासतो. पेंट, टायर, इंजिन, कागद सगळं बघतो, आणि दिसलं ते लिहून देतो. गाडी घ्या किंवा घेऊ नका, असं आम्ही कधीच सांगत नाही. सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे, "आपण गाडी तपासतो, गिऱ्हाईक तपासत नाही. त्याला गाडी कशाला हवी, परवडते का, हे आपल्या रिपोर्टात येत नाही." मला हा नियम आवडायचा. मला लोकांशी बोलताना अडखळायला होतं. गाडीशी बोलावं लागत नाही.

त्या दिवशी सर दुसऱ्या कामाला गेले होते आणि मी पहिल्यांदाच एकटा आलो होतो.

गाडी डेमो होती. शोरूम नवीन मॉडेलची एक गाडी स्वतःच्या नावावर पासिंग करून ठेवतं. गिऱ्हाइकांना चालवून दाखवायला तीच वापरतात. काही महिन्यांनी ती कमी किमतीत विकतात. गाडी जवळजवळ नवी असते, पण कागदावर पहिला मालक शोरूम आणि तुम्ही दुसरे. वॉरंटीही तुम्ही गाडी घेतली त्या दिवसापासून मोजत नाहीत, शोरूमने पासिंग केलं त्या दिवसापासून मोजतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं, निदान माहीत असायला हवं. अंकलना त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं. मुलगा जहाजावर आहे. आमचा नंबरही त्यानेच नेटवरून शोधला होता.

"कोरी न्हाय, हे ठाव हाय मना," अंकल म्हणाले. "कोरीला थांबावं लागते. मीनाला थांबवत न्हाय."

मीना म्हणजे आंटी. त्या लगेच म्हणाल्या, "मी कवा म्हनले थांबवत न्हाय? तूच म्हनतो."

आंटींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणत होते चाला, फिरा, घराबाहेर पडा. पण आंटी घराबाहेर पडत नव्हत्या. खालच्या गाडीत बसताना गुडघा दुखायचा, उंच गाडीत चढताना त्याहून जास्त दुखायचा. रिक्षा तर बघितलीच मी. अंकलनी घरी आंटी ज्या उंचीवर बसून सहज उठतात ती उंची दोरीने मापली आणि गाठ मारली. मग ती दोरी खिशात घालून ते भाईंदर ते बोरिवली सगळी शोरूम फिरले. प्रत्येक गाडीच्या सीटला दोरी लावली. गाठ फक्त या एका मॉडेलला जुळली.

क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीपसारखी आणि आतून कार. सीट ना खाली ना वर. एवढी महाग गाडी अंकलना नको होती, हे त्यांच्या बोलण्यातून कळत होतं. पण गाठ जुळली होती आणि मुलाचा आग्रह होता.

शोरूमतर्फे अमन नावाचा सेल्समन होता. माझ्याच वयाचा असेल. त्याने दरवाजा उघडून धरला. "आंटी, ट्राय करो. एकदम सोफा है."

आंटी पाठमोऱ्या झाल्या, सीटवर टेकल्या, दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले. झालं. कुणाचा खांदा लागला नाही. अंकलनी दोरी गुंडाळून खिशात ठेवली.

"बसले," आंटी म्हणाल्या. "आता मना उतरवू नका कोनी. एकदाच उतरीन."

त्यामुळे पुढचं सगळं काम आंटी आत बसलेल्या असतानाच झालं.

बाहेरून गाडी चांगली होती. पेंट ओरिजिनल होता. टायर ठीक, फक्त पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड इतरांपेक्षा जास्त घासलेली. मी अमनला विचारलं, टेस्ट ड्राइव्हचा रूट कोणता? तो म्हणाला, "फिक्स है. हायवेला लागायचं, चेणे गावापर्यंत सरळ, तिथून यू-टर्न, वापस." म्हणजे जन्मापासून ही गाडी एकाच जागी, एकाच बाजूला वळत आली होती. मी टायरचं लिहून घेतलं. मोठी गोष्ट नव्हती. किलोमीटर फारच कमी होते. मला वाटलं, सोपी गाडी मिळाली. अभ्यासाला वेळ मिळेल.

तेव्हा अंकलनी विचारलं, "किती तास चालली हाय?"

अमनला वाटलं त्यांना किलोमीटर विचारायचे आहेत. त्याने मीटर दाखवला.

"ते न्हाय. तास."

"अंकल, गाडीचे तास नसतात. बोटीचे असतात," अमन हसला.

"मंग? इंजिनच हाय ना?"

अंकलची मच्छीमारी बोट होती. आता पुतणे चालवतात. बोटीला रस्ता नसतो, त्यामुळे बोटीच्या इंजिनाचे किलोमीटर कुणी मोजत नाही. किती तास चाललं ते मोजतात. त्यांना तीच सवय होती. त्यांना गाडीतलं काही विशेष कळत होतं म्हणून त्यांनी विचारलं असं नाही. दुसरा प्रश्न त्यांना माहीतच नव्हता.

माझ्याकडे स्कॅनर होता. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं हे यंत्र बहुतेक जण फॉल्ट बघायला वापरतात. त्यात इंजिनाचे तासही दिसतात, पण बघायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी उघडलं. आकडा बघून वाटलं मशीन चुकलं. बंद करून परत जोडलं. तोच आकडा. मोबाइलवर किलोमीटरला तासांनी भागलं. या गाडीचा आजवरचा सरासरी वेग माणसाच्या चालण्याइतका निघत होता.

"खूप आहेत," मी म्हणालो.

"बघ!" अंकल आंटींकडे वळून म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "रोज चालू व्हती. झोपली न्हाय. इंजिन झोपला की मेला. ही चांगली हाय."

त्यांनी आकडा बरोबर मागितला होता, पण अर्थ उलटा लावला होता. बोटीचं इंजिन समुद्रात तासन् तास एकाच लयीत, भार ओढत चालतं. तसे तास इंजिनाला मानवतात. या गाडीचे तास जागेवर उभं राहून झाले होते.

मी अमनला बाजूला घेऊन विचारलं. तो भाबडेपणाने सगळं सांगत गेला. गिऱ्हाईक येतं, आत बसतं, एसी लावतो, गाणी लावतो, स्क्रीन दाखवतो. कधी अर्धा तास, कधी जास्त. "और हम लोग दोपहर को डब्बा भी इसी में खाते हैं. एसी चालू असतो ना. बाहर कितना गरम है."

"इंजिन चालू ठेवून?"

"नहीं तो एसी कैसे चलेगा?"

मी सरांना फोन लावला. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "डिझेल आहे ना? मग डीपीएफ बघ. आणि लाँग ड्राइव्ह माग. देणार नाहीत, पण माग."

"आणि अंकलना काय सांगू?"

"रिपोर्ट देऊ. तू मत देऊ नकोस."

डीपीएफ म्हणजे डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये बसवलेला फिल्टर. धुरातली काजळी तो अडवतो. काजळी साठली की तो भरतो. मग गाडी आपणच तो फिल्टर खूप तापवते आणि काजळी जाळून टाकते. याला वर्कशॉपमध्ये रिजन म्हणतात. पण त्यासाठी गाडी बराच वेळ, न थांबता, बऱ्या वेगाने चालावी लागते. उभ्या गाडीत काजळी साठते मात्र जोरात. आमच्या सोसायटीत पाणी सोडायची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेला घरी कुणी नसेल तर टाकी रिकामीच राहते, तसं काहीसं. हे उदाहरण बरोबर बसत नाही हे मला कळतंय, पण नंतर गाडीत अंकलना समजावताना मी तेच दिलं, आणि ते म्हणाले, "उत्तनला पानी कवा येते ते तरी कोनाला ठाव हाय!"

टेस्ट ड्राइव्हला अंकल चालवायला बसले. मासळीचा टेम्पो त्यांनी वर्षानुवर्षं चालवला आहे. आंटी त्यांच्या शेजारी होत्याच. मागे मी आणि अमन. हायवेला रविवारची सकाळ असल्याने गर्दी नव्हती. आंटींनी काच खाली केली.

"एसी हाय ना," अंकल म्हणाले.

"असूंदे. वारा हाय."

चेणं जवळ आलं तसा स्क्रीनवर एक पिवळा दिवा लागला आणि इंग्रजीत एक ओळ आली. फिल्टर भरला आहे, गाडी चालवत राहा, असं त्यात लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

अमन शांतपणे म्हणाला, "अरे वो? वो तो आता रहता है. शोरूमला जाऊन बंद करून परत चालू केली की जातो."

"रोज येतो?"

"दो-चार दिन में. इधरही आता है, चेणे के पास. मग यू-टर्न मारतो ना आपण."

तेव्हा मला सगळं कळलं. गाडी चेण्यापर्यंत यायची तोवर इंजिन जेमतेम तापायचं. ती फिल्टर साफ करायला घ्यायची, आणि नेमकं तिथेच तिला वळवून परत नेऊन बंद करायचे. प्रत्येक वेळी. काम सुरू करायला घेतलं की कुणीतरी दिवा घालवायचा, असं त्या गाडीचं आयुष्य चाललं होतं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. रूटच तसा ठरला होता.

"अंकल, यहाँ से राइट. यू-टर्न," अमन म्हणाला.

"अंकल, वळू नका," मी म्हणालो. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "सरळ जाऊ द्या. वेग असाच ठेवा. थांबू नका."

अंकलनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "का?"

मी दोन वाक्यांत सांगायचा प्रयत्न केला. चार झाली. तोवर यू-टर्न मागे गेला होता.

अमन घाबरला. गाडीत ट्रॅकर असतो. लगेच त्याचा फोन वाजला. मॅनेजर होते. त्याने स्पीकरवर टाकला.

"अमन, गाडी कहाँ जा रही है?"

"सर, वो इन्स्पेक्शनवाला लडका बोल रहा है कि—"

"डेमो चेणे के आगे नहीं जाती. मालूम है ना तेरे को? घुमा के ला."

अंकल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "शेठ, बोट घ्यायची झाली तर समुद्रात नेऊन बघतो आम्ही. बंदरात उभी बघून बोट कोन घेते?"

"ये बोट नहीं है, अंकल."

"किंमत तर बोटीची सांगितली तुम्ही."

आंटी हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. गाडी विकायची तर मॅनेजरनाही होतीच. "ठीक है. ब्रिज के उस पार तक. फिर सीधा वापस."

खाडीचा पूल आला. आंटींनी मान बाहेर काढल्यासारखी केली आणि खाली पाण्याकडे बघत राहिल्या. खाली रेतीच्या बोटी होत्या. "आपली बोट इतं आलेली ना रे एकदा, तुफानात?" त्यांनी विचारलं. अंकल म्हणाले, "आलेली." मग दोघं बराच वेळ त्या तुफानाबद्दल बोलत होते. कुणाची जाळी वाहून गेली, कुणी कुणाला दोर फेकला. मी फक्त दिव्याकडे बघत होतो.

थोड्या वेळाने गाडीतून गरम वास यायला लागला. अमनने माझं मनगट धरलं. "जल रही है क्या?"

"रिजन चालू आहे. असाच वास येतो."

"पक्का?"

मला पक्कं माहीत होतं, पण पुस्तकातून. प्रत्यक्षात असा वास मी एकदाच घेतला होता, तोही सर सोबत असताना. "पक्कं," मी म्हणालो.

नायगाव मागे गेलं आणि काही वेळाने दिवा आपणहून विझला. अमनने हुश्श केलं. आम्ही पुढे जागा बघून वळलो. परतीच्या वाटेवर आंटींनी विचारलं, "झाला? एवढ्यात?"

शोरूमला पोचल्यावर मी परत स्कॅनर लावला. फिल्टर बराच मोकळा झाला होता. इंजिन ऑइल मात्र खुणेच्या वर होतं. ते वाढत नसतं, त्यामुळे वाढलेलं दिसलं की शंका घ्यायची. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनमध्ये थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदललं की प्रश्न सुटतो. मी तसं लिहिलं. गाडी बिघडलेली नव्हती. चुकीच्या पद्धतीने वापरलेली होती, आणि हा फरक रिपोर्टात नीट यावा म्हणून मी ते वाक्य तीनदा खोडलं.

अंकल यार्डातल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. आंटी अजून गाडीतच होत्या, दरवाजा उघडा टाकून.

"सांग. घेऊ का?"

"अंकल, आम्ही तसं सांगत नाही. रिपोर्ट देतो."

"रिपोर्ट माझा पोरगा वाचेल. मी तुला इचारतो."

मी मोकाशी सरांचा नियम आठवला. मग विचारलं, "गाडी रोज कुठे कुठे नेणार?"

"कुटं नेणार? चर्चला. बाजारात. डॉक्टरकडे, भाईंदरला. बस."

"म्हणजे सगळं जवळच."

"आमचं सगळं जवळच हाय."

"मग अंकल, शोरूमने केलं तेच तुमच्याकडेही होईल. जवळच्या जवळ फिरली की हा फिल्टर परत भरेल. डिझेल गाडी असली की तिला आठवड्यातून एकदा तरी लांब न्यावी लागते, आज नेली तशी. न थांबता. नाही नेली तर दिवा लागेल, आणि दिवा लागून लागून शेवटी फिल्टरच जातो. तो फार महाग येतो. कामाशिवाय दर आठवड्याला एवढं लांब जाणं म्हणजे डोक्याला ताप आहे."

"तू असता तर?"

"मी पेट्रोलची वाट बघितली असती. हेच मॉडेल पेट्रोलमध्ये येतं. सीटची उंची तीच आहे. फक्त बुकिंगनंतर काही महिने लागतात."

अंकलनी खिशातली दोरी काढली आणि गाठ अंगठ्याने चोळत बसले. गाडीतून आंटींचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "थांबू या की. मना कुटं जायाचं हाय? मिस्साला न्हाय गेले तरी फादर घरी येऊन कम्युनियन देतात. देवच घरी येतो, मंग मी कशाला जाऊ?"

बोलणं विनोदाचं होतं. अमनही हसला. अंकल हसले नाहीत.

मग आंटी उतरल्या. म्हटल्याप्रमाणे एकदाच. पाय बाहेर काढले, उभ्या राहिल्या. आणि दोघं रिक्षा शोधायला फाटकाकडे गेली. मी त्यांना जाताना बघितलं आणि मला कसंतरी झालं. मी जे सांगितलं ते बरोबर होतं. पण बरोबर सांगून मी एका बाईचे काही महिने घरात घालवले, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी रिपोर्ट वाचला. "चांगला लिहिलायस. तासांचा मुद्दा मला सुचला नसता." मग चष्मा काढून म्हणाले, "मॅनेजरचा फोन होता. म्हणतो, तुमच्या पोराने गिऱ्हाईक पळवलं. मत दिलंस?"

"दिलं, सर."

"काय दिलंस?"

मी सांगितलं. सर म्हणाले, "चुकीचं नाही. पण तुला कोणी विचारलं होतं?"

"अंकलनी."

"हं," सर म्हणाले आणि पुढच्या कामाचा पत्ता दिला. त्या दिवसापासून आमच्या तपासणीत मात्र तास आले. गाडी कुठलीही असो, आधी तास बघायचे.

या कामाचं एक आहे. आम्ही गाडी बघतो, रिपोर्ट पाठवतो, आणि पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. माणसाने गाडी घेतली की नाही, घेतली तर पस्तावला का, कुणी कळवत नाही. कळवण्याचं कारणही नसतं. पूर्वी मला त्याचं काही वाटत नसे. या वेळी वाटलं. अंकलना फोन करावा असं दोन-तीनदा मनात आलं. नंबर काढायचो आणि ठेवायचो. काय विचारणार? आंटी बाहेर पडतात का? तो माझा प्रश्न नव्हता.

एकदा दुसऱ्या कामासाठी त्याच शोरूमवरून गेलो. पांढरी क्रॉसओव्हर जागेवर नव्हती. तिथे त्याच मॉडेलची राखाडी डेमो उभी होती. आत अमन डबा खात होता. काच खाली होती आणि इंजिन बंद. घामाने भिजला होता. मला बघून त्याने चमचा वर केला. "भाई, तेरी वजह से!" मी विचारलं, पांढरी कुणी घेतली? तो म्हणाला, "पता नहीं यार, मैं छुट्टी पे था. गाँव गया था." मला वाटलं, गेली कुणाला तरी. अंकलनी पेट्रोल बुक केली असेल आणि वाट बघत असतील.

परीक्षा झाली. गोष्ट मागे पडली.

मग एके दिवशी मोकाशी सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "तुझ्यासाठी आहे. ऑफिसच्या नंबरवर आलाय." एक व्हॉइस मेसेज होता. मागे गाडीचा आवाज येत होता, एकसारखा, बऱ्या वेगाचा. आणि वाऱ्याचा. काच खाली असणार. आवाज आंटींचा होता.

"बाळा, मी उत्तनची फिलोमिना आंटी. ती गुडघेवाली. आमी ती सफेद गाडीच घेतली बरं का, ऑइल बदलून घेतला तू लिवला तसा. तुला कळवायचं ऱ्हाऊन गेला. तू म्हनला ना, हिला आठवड्यातून एकदा लांब न्यावी लागते, तेच आइकून ह्याने घेतली. मना म्हनते, तुला फिरायला चल म्हनलं तर तू येत न्हाय, आता इंजिनासाठी तरी चल. मंग काय करणार? दर आयतवारी मिस्सा झाला की पुलापल्याड. आता तुंगारेश्वरच्या पुडं आलोय. दिवा अजून एकदा बी लागला न्हाय. हा म्हनते, एकट्याने नेली तर चालत न्हाय, दोघांचा वजन लागते फिल्टरला. खरा हाय का रे? हा तुला इचारायला सांगते."

मागून अंकलचा आवाज आला, "हो म्हन, पोरा."

मी ऑफिसच्या फोनवरून उत्तर पाठवलं. सर समोरच उभे होते, तरी पाठवलं. लिहिलं, हो आंटी, लागतं.